वर्षभराची तहकुबी

४ ऑगस्ट १७७५ ची संध्याकाळ. कलकत्त्याच्या तुरुंगात सत्तरीच्या घरातला एक बंगाली ब्राह्मण आपले हिशेबाचे कागद चाळीत बसला होता. मधूनच एखादी चिठ्ठी लिहीत होता, पुन्हा कागदांकडे वळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फाशी द्यायचे होते. त्या दिवसांत शेरीफ असलेल्या मॅक्रॅबी नावाच्या इंग्रजाने ही संध्याकाळ लिहून ठेवली आहे. फाशीची व्यवस्था पाहणे हेच त्याचे काम होते. कैद्याचे सांत्वन करायला म्हणून तो गेला, आणि स्वतःच गलबलून परतला. ज्याचे सांत्वन करायचे, तोच शांत होता.

त्या कैद्याचे नाव महाराजा नंदकुमार. शाळेच्या इतिहासात वॉरन हेस्टिंग्जच्या धड्यात हे नाव दीड ओळीत येते आणि जाते. हेस्टिंग्जवर लाचखोरीचा आरोप केला, बनावट दस्तऐवजाच्या खटल्यात सापडला, फाशी गेला. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण माझी सारी नोकरी बँकेत गेली. कर्जरोखे, तारण, सह्या आणि शिक्के यांच्या संगतीत पस्तीस वर्षे काढल्यावर कर्जरोख्यापायी फाशी गेलेल्या माणसाचे चरित्र दीड ओळीवर सोडवेना. मिळेल तेथून वाचत गेलो. आणि जसजसे वाचत गेलो तसतसा मुख्य प्रश्न बदलत गेला. कर्जरोखा खरा की खोटा, हा प्रश्न मागे पडला. अपील करण्याइतका आणि त्याचे उत्तर येईपर्यंतचा वेळ त्या माणसाला का मिळाला नाही, हा प्रश्न पुढे आला.

भद्रपूरचा नंदकुमार

नंदकुमारचा जन्म अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला, बीरभूम भागातल्या भद्रपूरचा. घराणे महसूल वसुलीच्या कामातले. मुर्शिदाबादच्या नबाबांच्या राज्यात हुशार कारकुनाला वर चढायला जी शिडी असे, ती तो पायरी पायरीने चढला. १७५६ मध्ये सिराजउद्दौलाच्या काळात तो हुगळीचा फौजदार होता. पुढच्याच वर्षी क्लाइव्हची फौज फ्रेंचांच्या चंदननगरवर चालून गेली, तेव्हा वाटेत हुगळीच्या फौजदाराने तिला अडवले नाही. इंग्रजांनी त्याला आधीच वश केले होते, असे इतिहासकार मानतात. प्लासीची लढाई त्यानंतर तीनच महिन्यांनी झाली.

म्हणजे हा गृहस्थ कोणी हुतात्मा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेले बरे. तो आपल्या काळाचा माणूस होता. त्या काळी बंगालमध्ये निष्ठा रोज नव्याने ठरत असे. नबाब बदलत, कंपनीचे गव्हर्नर बदलत, आणि नंदकुमारसारखी माणसे या बदलांतून वाट काढीत. बर्दवान, नदिया, हुगळी या भागांच्या वसुलीचे काम कंपनीने हेस्टिंग्जकडून काढून त्याच्याकडे दिले. या दोघांतल्या वैराची मुळे तेथवर जातात. पुढे मीर जाफर दुसऱ्यांदा नबाब झाला तेव्हा नंदकुमार त्याचा दिवाण झाला. दिल्लीच्या शाह आलम बादशहाने त्याला महाराजा हा किताब दिला.

१७६५ च्या फेब्रुवारीत मीर जाफर वारला आणि नंदकुमारचे दिवस फिरले. कंपनीने सत्ता महंमद रझाखानाच्या हाती दिली. सात वर्षे नंदकुमार कलकत्त्यात, कारभाराबाहेर, पण कारभाराकडे डोळे लावून बसला. १७७२ मध्ये हेस्टिंग्ज बंगालचा गव्हर्नर होऊन आला. रझाखानाची चौकशी करायची होती, आणि त्यासाठी त्याच्या शत्रूएवढा उपयोगी माणूस दुसरा कोण? हेस्टिंग्जला नंदकुमार आवडत नव्हता, पण कामाला घेतला. मोबदला म्हणून त्याचा मुलगा गुरुदास नबाबाच्या घरखर्चाचा दिवाण झाला, आणि अल्पवयीन नबाबाची पालक म्हणून मुन्नी बेगम नेमली गेली. रझाखान मात्र शेवटी निर्दोष सुटला. नंदकुमारच्या पदरात आशेएवढे काही पडले नाही.

दोन गट आणि एक कर्जरोखा

१७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टने कलकत्त्यात दोन नव्या गोष्टी आणल्या. गव्हर्नर जनरल आणि चार सभासद मिळून एक कौन्सिल, आणि राजाच्या सनदेने स्थापन झालेले सुप्रीम कोर्ट. १७७४ च्या ऑक्टोबरमध्ये कौन्सिलचे तीन नवे सभासद आणि कोर्टाचे चार न्यायाधीश विलायतेहून येऊन उतरले. क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फिलिप फ्रान्सिस हे ते तीन सभासद. त्यांचे हेस्टिंग्जशी पहिल्या दिवसापासून बिनसले. पाचांत तीन ते, म्हणजे बहुमत त्यांचे. हेस्टिंग्ज नावाचा गव्हर्नर जनरल उरला.

याच बहुमताचा एक धागा आपल्याकडेही येतो. १७७५ च्या मार्चमध्ये मुंबईकर इंग्रजांनी राघोबादादाशी सुरतेचा तह केला होता. कलकत्त्याच्या कौन्सिलने तो अमान्य केला आणि पुणेकर कारभाऱ्यांशी बोलणी करायला कर्नल अप्टनला रवाना केले. त्यातून १७७६ चा पुरंदरचा तह झाला. अप्टनची रवानगी झाली ती त्याच पावसाळ्यात, नंदकुमार तुरुंगात असताना. सखारामबापू आणि नाना फडणीस ज्या कौन्सिलशी कागदोपत्री झुंजत होते, त्याच कौन्सिलच्या घरात हे नाट्य चालले होते.

बहुमत आपल्या बाजूचे झाले आहे, हे नंदकुमारने हेरले. ११ मार्च १७७५ रोजी फ्रान्सिसने त्याचे पत्र कौन्सिलपुढे ठेवले. मुन्नी बेगम आणि गुरुदास यांच्या नेमणुकांसाठी हेस्टिंग्जने साडेतीन लाखांहून अधिक रुपये घेतले, असा त्यात आरोप होता. रकमा आणि तपशील दिलेले होते. हेस्टिंग्जने सभा बरखास्त केली आणि उठून गेला. बहुमतवाल्यांनी सभा चालू ठेवली, नंदकुमारला आत बोलावले आणि गव्हर्नर जनरलने पैसे परत करावेत असा ठराव केला. कलकत्त्यातल्या देशी मंडळींची नंदकुमारच्या दारी रीघ लागली. जो गव्हर्नरला खाली ओढतो तोच उद्याचा मालक, असा त्यांचा हिशेब असावा.

आणि ६ मे रोजी नंदकुमारला अटक झाली. आरोप हेस्टिंग्जच्या प्रकरणाचा नव्हता. फिर्यादी होता मोहनप्रसाद, आणि प्रकरण होते दहा वर्षांपूर्वीच्या एका कर्जरोख्याचे.

ती हकीकत थोडक्यात अशी. बुलाकीदास नावाचा एक सावकार होता. नंदकुमारचे म्हणणे असे, की आपण त्याच्याकडे मोत्यांचा कंठा आणि इतर जवाहीर विकायला ठेवले होते. मीर कासिमच्या वेळच्या धामधुमीत ते लुटले गेले. भरपाई म्हणून बुलाकीदासने १७६५ मध्ये ४८,०२१ शिक्का रुपयांचा रोखा लिहून दिला. कंपनीकडून आपले येणे वसूल झाले की ही रक्कम फेडायची, असा करार. १७६९ मध्ये बुलाकीदास वारला. त्याच्या इस्टेटीतून नंदकुमारला पैसे मिळाले, आणि रोखा वरून फाडून रद्द करण्यात आला. मोहनप्रसादचे म्हणणे असे, की हा रोखाच बनावट. साक्षीदार म्हणून ज्यांची नावे त्यावर होती त्यांतला एकजण, कमालुद्दीन, पुढे आला आणि म्हणाला की त्यावरचा शिक्का माझा आहे, पण तो मी उठवलेला नाही.

या पैशांवरून दिवाणी तंटा आधीपासून चालू होता. देणारा मेलेला, व्यवहार पाहणारे काही मेलेले, आणि हाती उरतो एक कागद आणि त्यावरचे शिक्के. असा कागद पुढ्यात आला की बँकेतला अनुभवी माणूसही छातीठोकपणे काही सांगत नाही. रोखा खरा असेल, खोटाही असेल. इतिहासकारांत आजही एकमत नाही. १८८५ मध्ये सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कायदेपंडिताने खटल्यावर मोठा ग्रंथ लिहून न्यायाधीशांची बाजू सावरली. दुसऱ्याच वर्षी बंगालमध्ये न्यायाधीश असलेल्या हेन्री बेव्हरिजने तेवढ्याच तपशिलाने त्याला उत्तर दिले. शंभर वर्षांनंतर, सवडीने, सगळी कागदपत्रे पुढ्यात घेऊन बसलेल्या दोन जाणत्या इंग्रजांचे जेथे जमले नाही, तेथे १७७५ च्या जूनमध्ये आठ दिवसांत निकाल लागला.

जूनमधले आठ दिवस

अटकेनंतर नंदकुमारला सामान्य तुरुंगात ठेवले. तेथे अन्न घेतले तर जात जाईल म्हणून त्याने जेवण सोडले. पंडितांची मते मागवण्यात आली. शेवटी तुरुंगाच्या आवारात तंबू ठोकून त्याची सोय लावली गेली.

८ जूनला खटला उभा राहिला. चार न्यायाधीश: सर इलायजा इम्पे मुख्य, आणि चेंबर्स, लमेस्टर व हाइड. बारा जणांची ज्युरी. त्यांच्यात आरोपीच्या धर्माचा, भाषेचा, रीतिरिवाजाचा एकही नव्हता. इम्पे हा हेस्टिंग्जचा शाळासोबती, वेस्टमिन्स्टर शाळेतला. यावरून पुढे किती शाई सांडली! शाळासोबती असणे हा काही गुन्हा नाही. पण कलकत्त्याच्या बाजारात कोणी काय समजायचे ते समजलेच.

कायदा लावला तो इंग्लंडचा, १७२८ चा. त्यात बनावट दस्तऐवजाला शिक्षा फाशीची. लंडनची सारी पेढी-दुकानदारी कागदी पतीवर चालत असे, म्हणून तेथे हा कायदा इतका कडक केलेला. बंगालमध्ये अशा गुन्ह्याला देहान्त प्रायश्चित्त असते हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. न्यायाधीशांतल्या चेंबर्सनेच शंका काढली होती, की जुना, सौम्य कायदा लावावा. बाकीच्यांनी ती मानली नाही. शिवाय एक दाखला ताजा होता. दहाच वर्षांपूर्वी, १७६५ मध्ये, राधाचरण मित्र नावाच्या कलकत्तेकराला अशाच आरोपावरून फाशी ठोठावली गेली होती. शहरातल्या प्रतिष्ठितांनी अर्ज केले, शिक्षा थांबली, आणि माणूस माफी मिळून सुटला.

आठ दिवस सलग, कलकत्त्याच्या जूनच्या उकाड्यात, खटला चालला. बचावाच्या साक्षीदारांची उलटतपासणी न्यायाधीशांनी स्वतःच कसून केली. साक्षी फारसी, बंगालीतून इंग्रजीत जात होत्या. १६ जूनच्या पहाटे ज्युरीने दोषी असा निकाल दिला. २४ जूनला फाशीची शिक्षा कायम झाली.

अपील म्हणजे थांबणे नव्हे

येथे चरित्र जरा बाजूला ठेवून आपल्या रोजच्या व्यवहारातली एक गोष्ट सांगणे भाग आहे. कोर्टाच्या पायरीशी संबंध न आलेल्या सुखी माणसांना वाटते, की वरच्या कोर्टात अपील केले म्हणजे खालच्या कोर्टाचा हुकूम आपोआप थांबला. तसे नसते. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश ४१ च्या नियम ५ मध्ये, हे स्वच्छ सांगितले आहे. नुसत्या अपिलाने अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती का द्यायची हे कोर्टाला पटवावे लागते. थांबवले नाही तर माझे भारी नुकसान होईल, मी अर्ज करायला उगीच उशीर लावलेला नाही, आणि शेवटी हरलो तर हुकूम पाळीन याबद्दल ही घ्या हमी. या तीन गोष्टी दाखवल्या तर स्थगिती मिळते.

तालुक्याच्या गावी शाखाधिकारी असतानाचे एक प्रकरण मला आठवते. एका तेल गिरणीवाल्याचे कर्ज थकले होते. दावा झाला, हुकूमनामा झाला, गहाण घराच्या लिलावाची दरखास्त लागली. दवंडी पिटली गेली. बेलिफ कागद घेऊन ओसरीवर बसला होता. घरातल्या बायका माजघरातून डोकावत होत्या, आणि गावातले दोन-तीन धनिक बोली लावायला चावडीपाशी घुटमळत होते. अकराच्या सुमाराला गिरणीवाल्याचा मुलगा सायकलवरून जिल्ह्याच्या कोर्टाचा हुकूम घेऊन आला. निम्मी रक्कम कोर्टात भरायची, उरलेल्या रकमेला ऐपतदार हमीदार द्यायचा, आणि अपिलाच्या निकालापर्यंत लिलाव तहकूब. बेलिफाने कागद गुंडाळले, समोरचा चहा संपवला आणि एस.टी.ला गेला.

आमच्या वरिष्ठ कार्यालयाला हे रुचले नाही. स्थगिती म्हणजे बुडव्यांची सोय, असे बँकांतले सरसकट मत असते, आणि ते अगदी निराधारही नाही. वर्षानुवर्षे स्थगितीच्या पांघरुणाखाली झोपलेली प्रकरणे मी पाहिली आहेत. पण या प्रकरणात काय झाले? दोन वर्षांनी अपील फेटाळले गेले. कोर्टात भरलेली रक्कम आणि हमीदार यांमुळे बँकेचे पैसे व्याजासह वसूल झाले. बँकेचे गेले ते दोन वर्षांचे थांबणे. आता उलटे धरून चाला. अपील मंजूर झाले असते आणि घर आधीच तिसऱ्याने बोली लावून घेतले असते, तर? पैसे परत करता येतात. ज्या माजघरात चार पिढ्यांची बाळंतपणे झाली ते घर परत करणे फार कठीण जाते.

स्थगितीमागचा सगळा विचार एवढाच आहे. ती म्हणजे निकाल नव्हे, दयाही नव्हे. खालचा निकाल चुकला आहे असेही ती म्हणत नाही. ती एवढेच विचारते, की उद्या तो चुकलेला निघाला तर आज घेतलेले परत देता येईल का? देता येणार असेल तर पुढे जा. देता येणार नसेल तर थांबा. जेवढे परत देणे कठीण, तेवढे थांबण्याचे कारण मोठे.

हा मोजपट्टीचा दोरा नंदकुमारच्या खटल्याला लावून पाहा.

सहा आठवडे

कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाच्या वर अपील होते ते लंडनला, राजाकडे. राजाच्या सनदेत त्याची तरतूद होती. फौजदारी प्रकरणात अपिलाला परवानगी द्यायची की नाही हे मात्र त्याच कोर्टाच्या मर्जीवर ठेवले होते. ज्याने शिक्षा दिली त्याच्याकडूनच त्याच्याविरुद्ध वर जाण्याची परवानगी घ्यायची! आणखीही एक तरतूद होती. देहान्त शिक्षेच्या प्रकरणात दयेला जागा आहे असे कोर्टाला वाटले, तर राजाची इच्छा कळेपर्यंत फाशी तहकूब ठेवून सगळे कागद लंडनला पाठवावेत. म्हणजे थांबण्याचा अधिकार कोर्टाच्या हातात होता. त्यासाठी कोणाकडे जायचे नव्हते.

त्या काळी कलकत्त्याहून जहाज विलायतेला पोचायला सहा महिने लागत. जाऊन येऊन वर्ष तरी धरावे. नंदकुमारला वर्षभर तुरुंगात ठेवायचे होते. सत्तरीचा म्हातारा, पळून कोठे जाणार? कंपनीचे किंवा फिर्यादीचे त्यात काय बुडणार होते? कर्जरोख्याच्या पैशांचा दिवाणी तंटा वेगळा चालूच होता.

नंदकुमारने अपिलाची परवानगी मागितली. ती नाकारली गेली. त्याचा वकील फॅरर हा कर्तव्याला जागणारा माणूस होता. त्याने दुसरी दारे ठोठावली. ज्युरीच्या प्रमुखाने फाशी तहकूब करण्याची शिफारस करावी म्हणून प्रयत्न केला, तर तो प्रमुख रागावला. मग फॅरर कौन्सिलच्या बहुमतवाल्यांकडे वळला. कौन्सिलने कोर्टाला पत्र लिहून तहकुबी मागावी, अशी त्याची कल्पना. फ्रान्सिस तयार झाला. क्लेव्हरिंग आणि मॉन्सन यांनी मात्र अंग काढून घेतले. बनावट कागदाचे प्रकरण हा नंदकुमारचा खासगी मामला आहे, कौन्सिलचा त्याच्याशी संबंध नाही, अशी त्यांची भूमिका. ज्याच्या पत्रावर त्यांनी गव्हर्नर जनरलविरुद्ध ठराव केला होता, त्याच्यासाठी एक ओळ लिहायला हे दोघे तयार झाले नाहीत. मुर्शिदाबादच्या तरुण नबाबाने पत्र पाठवून, राजाची इच्छा कळेपर्यंत फाशी थांबवावी अशी विनंती केली. तिचाही उपयोग झाला नाही.

इम्पेने पुढे आपल्या वर्तनाचे जे समर्थन केले, त्यातला एक मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. या श्रीमंत, वजनदार माणसाची फाशी थांबवली असती, तर कोर्ट दबावाला किंवा पैशाला वश झाले असे लोक म्हणाले असते. कोर्टाचा धाक बसायचा तर थांबता येत नव्हते. हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. नव्या कोर्टाला आपला दरारा बसवायचा असतो. पण कोर्टाची अब्रू सांभाळण्यासाठी ज्याची किंमत मोजली ती वस्तू परत करता येण्यासारखी नव्हती. आणि त्या घाईचा अर्थ लोकांनी नेमका उलटा लावला. न्यायाचा नव्हे, गव्हर्नर जनरलचा धाक बसला. हेस्टिंग्जविरुद्ध तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रीघ एका दिवसात आटली. हेस्टिंग्ज आणि इम्पे यांच्यात या खटल्याबद्दल काही ठरले होते, असा पुरावा आजवर कोणाला मिळालेला नाही. पण तहकुबी दिली असती तर तसा संशय घ्यायला जागाच उरली नसती.

४ ऑगस्टला नंदकुमारने शेवटचा अर्ज जनरल क्लेव्हरिंगकडे पाठवला. तो फारसीत होता. क्लेव्हरिंगने तो कौन्सिलपुढे ठेवला १४ ऑगस्टला. त्या वेळी फाशी होऊन नऊ दिवस झाले होते! त्यात न्यायाधीशांवर आरोप आहेत म्हणून कौन्सिलने तो अर्ज जल्लादाच्या हातून जाळून टाकायचे ठरवले. ठराव मांडला तो फ्रान्सिसनेच.

५ ऑगस्टच्या सकाळी पालखीतून नंदकुमारला कुलीबाजारच्या मैदानावर नेले. मॅक्रॅबीने लिहिले आहे, की त्याच्या चेहऱ्यावर कसलीही चलबिचल नव्हती. त्याने क्लेव्हरिंग, मॉन्सन आणि फ्रान्सिस यांना नमस्कार सांगितले आणि गुरुदासकडे लक्ष ठेवा, एवढी विनंती केली. आपल्या देहाला ब्राह्मणांखेरीज कोणी शिवू नये, ही दुसरी. जमलेल्या हजारो लोकांना शेवटच्या क्षणापर्यंत वाटत होते, की एवढ्या मोठ्या ब्राह्मणाला हे लोक फाशी देणार नाहीत, काहीतरी होऊन थांबेल. थांबले नाही. तेव्हा लोकांतून एकच हंबरडा उठला. ब्रह्महत्या पाहिल्याचे पाप धुवायला कितीतरी जण धावत जाऊन गंगेत उतरले.

नंतर

मॉन्सन १७७६ मध्ये वारला, क्लेव्हरिंग १७७७ मध्ये. कौन्सिल पुन्हा हेस्टिंग्जच्या मुठीत आले. १७८० मध्ये हेस्टिंग्जने इम्पेला कंपनीच्या सदर दिवाणी अदालतीचेही प्रमुखपद दिले. त्यावरून विलायतेत ओरड झाली आणि इम्पेला परत बोलावण्यात आले. पुढे सर गिल्बर्ट इलियटने पार्लमेंटमध्ये त्याच्यावर महाभियोगाचा प्रस्ताव आणला. नंदकुमारची फाशी हा त्यातला पहिला आरोप होता. गंमत अशी, की नंदकुमारच्या खटल्यात दुभाषाचे काम ज्याने केले तो अलेक्झांडर इलियट या सर गिल्बर्टचा धाकटा भाऊ. १७८८ च्या मे महिन्यात मतदान झाले. आरोपाच्या बाजूने ५५, विरुद्ध ७३. इम्पे सुटला. त्याला आपली बाजू मांडायला, कागद जमवायला, वकिली युक्तिवाद रचायला वर्षे मिळाली होती. ती मिळाली हे योग्यच झाले. नंदकुमारला सहा आठवडे मिळाले.

ज्या गुन्ह्याला नंदकुमार फाशी गेला, त्याला इंग्लंडमध्येही १८३७ पासून फाशी उरली नाही. बनावट सहीसाठी माणसे लटकवली जातात म्हणून ज्युऱ्या दोषी ठरवायला कचरू लागल्या, आणि आपले पैसे सुरक्षित राहावेत म्हणून पेढीवाल्यांनीच हा कायदा सौम्य करा अशी मागणी केली. आमच्या धंद्यातल्या माणसांनी केलेल्या चांगल्या कामांत मी हे काम वरच्या क्रमांकावर ठेवतो.

आपल्याकडे आज सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलातच येत नाही. आरोपीने अपील करो वा न करो, कागद वर गेलेच पाहिजेत. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात जाण्याची मुदत संपेपर्यंत, गेला असेल तर तेथला निकाल लागेपर्यंत, फाशी थांबते. २०२४ च्या जुलैपासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू झाला, नावे आणि कलमांचे आकडे बदलले, पण हे थांबणे त्यातही तसेच राहिले. इतर शिक्षांमध्ये अपील चालू असताना शिक्षा स्थगित ठेवायची असेल तर अपील कोर्टाला कारणे लिहून तशी ठेवता येते. वर्तमानपत्रात अशा स्थगितीची बातमी आली, की आपण चहा घेता घेता चडफडतो. आरोपी मोठा असला तर जास्तच. सुटला पाहा, म्हणतो. तो सुटलेला नसतो. त्याचा हिशेब पुरा व्हायचा असतो, एवढेच. ज्यांच्याजवळ मोठ्या वकिलांचे पैसे आहेत त्यांना हे थांबणे लवकर मिळते आणि गरिबाच्या वाट्याला उशिरा येते, हे दुखणे खरे आहे. पण त्यावरचा उपाय गरिबालाही ते वेळेवर मिळावे हा आहे, कोणालाच मिळू नये हा नव्हे.

नंदकुमार लबाड असेलही. त्याने आयुष्यभर ज्या शिड्या चढल्या त्यांतल्या फारशा स्वच्छ नव्हत्या. रोखाही कदाचित खोटा असेल. पण लंडनला कागद गेले असते, शांत डोक्याने कोणी ते वाचले असते, आणि वर्षभराने उत्तर आले असते की फाशी योग्यच आहे, तर कलकत्त्याच्या कोर्टाचे काय बिघडले असते? आणि उत्तर दुसरे आले असते तर तुरुंगाचे दार उघडून म्हाताऱ्याला घरी पाठवता आले असते. अडीचशे वर्षे झाली, दोन्ही बाजूंनी ग्रंथ लिहिले गेले, आणि तो कर्जरोखा खरा की खोटा हे ठरवण्याचे काम अजून संपलेले नाही.